खडकावरचे पहिले पाहुणे

ज्वालामुखी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर जपान, इटली, इंडोनेशिया असे देश उभे राहतात. बीड जिल्ह्याचा आणि ज्वालामुखीचा काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. माझ्याही आले नव्हते. प्रथम वर्षाला असताना भूगोलाच्या तासाला सरांनी सांगितले की, तुम्ही बसला आहात त्या इमारतीच्या पायाखाली आणि बालाघाटाच्या सबंध रांगेत जो काळा दगड आहे, तो एके काळी तापलेला, वाहता रस होता. वर्गात थोडा हशा पिकला. तास संपल्यावर मी सरांच्या मागोमाग गेलो आणि विचारले, "सर, सगळीकडे नुसता जळका दगडच होता, तर त्याच्यावर पहिले गवत आले कुठून?" सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "तुमच्या शेतात विहीर आहे ना? तिचा ढिगारा अजून तसाच असेल तर आधी तो नीट बघून ये. मग आपण बोलू."

सरांच्या त्या एका वाक्यामुळे गेली दोन वर्षे मी सुट्टीत घरी गेलो की त्या ढिगाऱ्यावर जाऊन बसतो. ग्रंथालयात या विषयावर जे मिळेल ते वाचतो. त्या बघण्यातून आणि वाचण्यातून जे हाती लागले, ते येथे मांडण्याचा प्रयत्न केला आहे. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, वनस्पतिशास्त्राचा नाही. तेव्हा जाणकार वाचकांनी चूकभूल पोटात घालावी, ही विनंती.

आपल्या पायाखालचा ज्वालामुखी

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या महाराष्ट्राच्या भूमीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून लाव्हारस बाहेर आला. शंकूसारखा डोंगर आणि त्याच्या टोकातून उसळणारी आग, असे हे दृश्य नव्हते. पातळ रस दूरवर पसरे, थंड होऊन त्याचा थर बने, आणि काही काळाने त्यावर दुसरा थर येई. असे थरावर थर चढत गेले. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेशावर पसरलेला आहे आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन हजार मीटरच्या आसपास भरते. यालाच दख्खनचे पठार घडवणारा 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात. पायऱ्यापायऱ्यांचे डोंगर हे याचेच रूप. कपिलधारला किंवा सौताड्याला धबधबा ज्या काळ्या कड्यावरून पडतो, तो कडा याच थरांचा. अंबाजोगाईची हत्तीखान्याची लेणी कोरली तीही याच दगडात.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की, हे थर एका दमात आले नाहीत. दोन थरांच्या मध्ये कधी थोडी, कधी हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या उसंतीत खालचा दगड उन्हापावसाने झिजे, खोलगट जागी पाणी साचून तळी होत, आणि त्या तळ्यांभोवती वनस्पती उगवत. पुढे वरून नवा रस आला की सारे गाडले जाई. अशा गाडल्या गेलेल्या तळ्यांचा गाळ आज दोन थरांच्या मधोमध सापडतो. नागपूरजवळच्या टाकळी येथील असे थर स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अभ्यासले. त्याच हिस्लॉपच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. पुढे बिरबल साहनी यांनी मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागातल्या अशा थरांतील दगड झालेल्या वनस्पतींचा सखोल अभ्यास केला. त्या थरांत ताडमाडाच्या जातीची खोडे मोठ्या प्रमाणावर मिळतात आणि ॲझोलासारखे पाण्यावर तरंगणारे इवलेसे नेचेही मिळतात. म्हणजे लाव्हा थंड झाल्यावर हिरवा रंग परत येत होता, पुन्हा गाडला जात होता, आणि पुन्हा येत होता.

मग माझा प्रश्न उरतोच. येत होता तो कसा?

नव्या दगडावर राहणे अवघड का?

नुकताच थंड झालेला लाव्हा वनस्पतीच्या दृष्टीने पाहिला तर ते फार वाईट घर आहे. मुळे रोवायला माती नाही. पाऊस पडला तर पाणी थांबत नाही, वाहून जाते. काळा दगड दुपारी तव्यासारखा तापतो. या दगडात चुना, लोह, मॅग्नेशियम, थोडे स्फुरद अशी खनिजे आहेत, पण ती कुलूपबंद असतात. आणि वनस्पतीला ज्याची सर्वांत जास्त गरज, ते नत्र तर दगडात जवळजवळ नसतेच. ते हवेत आहे, पण हवेतले नत्र बहुतेक झाडांना घेता येत नाही.

अशा ठिकाणी पहिल्याने जे येतात त्यांना आपण आद्य वनस्पती म्हणू. त्यांच्या गरजा थोड्या असतात, आणि बीज हलके असते किंवा दूरचा प्रवास सोसणारे असते. त्यांतले सर्वांत काटक म्हणजे शैवाक. आपल्याकडे याच्याच एका प्रकाराला दगडफूल म्हणतात. काळ्या मसाल्यात आपल्या आया-आज्या जे राखी रंगाचे, कुरकुरीत दगडफूल घालतात, तेच. ही एक वनस्पती नाही. बुरशी आणि शैवल या दोघांचा तो एकत्र संसार आहे. बुरशी घर सांभाळते, ओल धरून ठेवते. शैवल उन्हाच्या मदतीने अन्न तयार करते. पाऊस नसेल तर दोघे महिनोन्महिने सुकून पडून राहतात आणि शिडकावा झाला की पुन्हा जागे होतात. शैवाकातून पाझरणारी आम्ले दगडाचा पृष्ठभाग किंचित किंचित खातात. काही शैवाके आणि नीलहरित शैवले हवेतले नत्र पकडू शकतात. त्यांच्या मेलेल्या देहाची चिमूटभर राख-माती दगडाच्या खाचेत साठते. त्या चिमटीत शेवाळी उगवते, शेवाळीत धूळ अडकते, धुळीत गवताचे बी अडकते. पुस्तकात या क्रमाला 'अनुक्रमण' असे नाव आहे.

क्राकाटोआ आणि एक गवत

हे नुसते तर्काने सांगितलेले नाही. माणसाच्या डोळ्यांदेखत हे घडलेले आहे, आणि त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जावा आणि सुमात्रा यांच्या मधले क्राकाटोआ बेट. २६ व २७ ऑगस्ट १८८३ रोजी त्याचा प्रचंड स्फोट झाला. बेटाचा बराच भाग समुद्रात गेला आणि उरलेला राखेच्या जाड थराखाली झाकला गेला. पुढच्या वर्षी मे महिन्यात तेथे गेलेल्या फ्रेंच मोहिमेला सजीव म्हणून एकच गोष्ट आढळली. ती म्हणजे जाळे विणणारा एक बारीकसा कोळी. खायला एक माशी नसताना तो कोणासाठी जाळे विणत होता कोण जाणे!

१८८६ साली डच वनस्पतिशास्त्रज्ञ ट्रॉइब तेथे गेले. त्यांना राखेवर नीलहरित शैवलांचा बुळबुळीत पापुद्रा दिसला आणि त्यावर नेचे उगवलेले दिसले. नेच्यांना बी नसते, धुळीहून बारीक बीजाणू असतात. ते वाऱ्यावर समुद्र ओलांडून आले. किनाऱ्यावर लाटांनी आणलेली झाडे होती. आपल्या कोकणच्या वाळूत पसरते ती मर्यादवेल अशीच लाटांवरून फिरणारी आहे. १८९७ पर्यंत बेटाच्या आतल्या भागात उंच गवत माजले. त्यानंतर पक्षी आणि वटवाघळे आली, त्यांच्या पोटातून उंबराच्या जातीची बियाणी आली, आणि १९३० च्या सुमारास बेटावर पुन्हा जंगल झाले. स्फोटात सारेच जीव नष्ट झाले होते का, याबद्दल बाकर या शास्त्रज्ञाने १९२९ साली शंका काढली होती आणि तो वाद बराच काळ चालला. पण बेट पुन्हा हिरवे होण्याचा मुख्य क्रम कोणी नाकारलेला नाही.

वाचता वाचता मी थबकलो तो मधल्या टप्प्यावर. क्राकाटोआची राख ज्या उंच गवताने झाकली, त्यात प्रमुख होते काश. नदीकाठी पांढरे तुरे काढून उभे राहते, लांबून उसासारखे दिसते, ते. उसासारखे दिसते याला कारण आहे. ते उसाचे सख्खे भाऊबंद आहे. १९१२ साली कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तेथे बार्बर आणि व्यंकटरामन यांनी गोड, जाड पण नाजूक अशा लागवडीच्या उसाचा या रानटी काशाशी संकर केला. त्यातून को २०५ हे वाण निघाले आणि १९१८ मध्ये ते शेतकऱ्यांना दिले गेले. त्यानंतरच्या जवळजवळ सर्व वाणांत काशाचे रक्त आहे. उसाने रोगाला न जुमानणे, तोडल्यावर खोडवा पुन्हा जोमाने फुटणे, हे गुण बहुतांशी त्या रानगवताकडून आले आहेत.

बीड जिल्ह्यातल्या वाचकाला यापुढे फारसे सांगायला नको. माझे आईवडील ऊसतोड कामगार आहेत. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल अंगावर घेऊन कोयता निघतो, तो उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतो. मी आजीजवळ राहून शिकलो. ज्या उसाच्या फडात माझे आईवडील पहाटेपासून वाकलेले असतात, त्याचा पूर्वज जळक्या राखेवर पहिल्यांदा उभा राहणारे गवत आहे, हे वाचल्यापासून उसाकडे बघण्याची माझी दृष्टी बदलली.

आणखी तीन ठिकाणे

क्राकाटोआला भरपूर पाऊस आहे. सगळीकडे तसे नसते. म्हणून आणखी तीन ठिकाणांचा थोडक्यात उल्लेख करतो.

आइसलँडच्या दक्षिणेला १४ नोव्हेंबर १९६३ रोजी समुद्रातून सुर्टसी नावाचे नवे बेट वर आले. त्यावर शास्त्रज्ञांखेरीज कोणालाही पाऊल ठेवू दिले जात नाही. १९६५ साली किनाऱ्यावर पहिले फुलझाड दिसले, १९६७ साली शेवाळी आणि १९७० साली शैवाके आली. म्हणजे पुस्तकातला क्रम येथे उलटा झाला. फुलझाड आधी, शैवाक नंतर. १९८६ पासून तेथे कुरव पक्ष्यांची वसाहत झाली. त्यांच्या विष्ठेचे खत मिळाले तेथेच हिरवळ दाट झाली.

अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स या ज्वालामुखीचा १८ मे १९८० रोजी स्फोट झाला. त्याच्या पायथ्याच्या ओसाड मैदानावर एकदोन वर्षांतच ल्युपिन नावाचे शेंगवर्गी झुडूप आले. आपल्या हरभरा-तुरीप्रमाणे त्याच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतले नत्र जमिनीत आणतात. जेथे ल्युपिन मेले तेथे त्याच्याखाली दुसरी रोपे उगवली.

हवाई बेटांवर तर ओहिया नावाचा वृक्षच थेट लाव्हाच्या भेगेत रुजतो. पावसाळी बाजूला हे लवकर घडते. त्याच बेटाच्या कोरड्या बाजूला तसाच लाव्हा कितीतरी अधिक काळ काळाच राहतो.

या तिन्हींवरून मला तीन गोष्टी कळल्या. कोण आधी येईल हे काही अंशी योगायोगावर असते. नत्र कोण आणतो यावर पुढचे सारे अवलंबून असते. आणि दगड तोच असला तरी पाऊस आणि भेग यांच्यावर वेळ ठरतो. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी सहाशे ते सातशे मिलिमीटर पाऊस. तेव्हा आपण हवाईच्या कोरड्या बाजूचे लोक.

आमच्या विहिरीचा ढिगारा

मी पाचवीत असताना आमची विहीर खोदली. यारी लावली होती. वर हातभर माती, मग मुरूम, मग मांजऱ्या खडक, मध्येच एक तांबूस पट्टा, आणि त्याखाली काळा फत्तर. सुरुंग लावून फत्तर फोडला तेव्हा पन्नास फुटांवर पाणी लागले. दोन थरांमधला असा तांबूस पट्टा म्हणजे पुष्कळदा खालच्या थराचा झिजलेला माथाच असतो, हे मला आता कळते. तेव्हा मी फक्त त्याची लाल ढेकळे पाटीवर घासून रेघा ओढल्या होत्या.

निघालेला सारा दगड बांधाच्या कडेला टाकला. कोट्यवधी वर्षे ज्याने ऊन पाहिले नाही तो खडक पहिल्यांदा उघड्यावर आला. म्हणजे आमच्यापुरता तो नवा लाव्हाच! अण्णा आजही म्हणतात की तेवढी जागा वाया गेली.

पहिल्या पावसाळ्यात त्यावर काही उगवल्याचे मला आठवत नाही. नंतर मुरमाच्या बाजूला दगडी पाला आला. त्याचे बी म्हाताऱ्यासारखे वाऱ्यावर उडते. पाठोपाठ रुई आली. तिच्या बियांनाही कापूस असतो. मग कुसळीचे गवत आले. कुसळीच्या बियाला पीळदार शेपूट असते. ते ओलीने उलगडते, कोरडेपणाने आवळते आणि बी स्क्रूसारखे भेगेत शिरते. धोतराला ते का टोचते हे आता समजले. मागच्या पावसाळ्यात मला उन्हाळीची झुडपे मोजण्याइतकी दिसली. उन्हाळी शेंगवर्गी आहे. एक रोप उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी होत्या. आमच्या ढिगाऱ्याचे ल्युपिन ते हेच!

काळ्या फत्तराच्या बाजूला अजून फारसे काही नाही. उत्तरेच्या सावलीत श्रावणात शेवाळीचा हिरवा मखमली थर येतो आणि दिवाळीपर्यंत तपकिरी होतो. काही दगडांवर शैवाकाचे राखी ठिपके आहेत, मोहरीएवढे. शेजारीच पणजोबांच्या वेळचा दगडी बांध आहे. त्याच्या दगडांवर तेच ठिपके रुपयाएवढे झाले आहेत. मोहरीपासून रुपयापर्यंत जायला आमच्या घराण्याच्या तीन पिढ्या गेल्या. विहिरीच्या आत पाण्याच्या वर, कपारीत, हंसराज नावाचा नेचा लोंबतो आहे आणि एका भेगेत उंबराचे रोप आहे. ते कोणी लावले नाही. क्राकाटोआवर नेचा वाऱ्याने आणि उंबर पक्ष्याने नेला, तसाच येथेही आला असणार.

नावे ओळखायला व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्यातील वनस्पतींवरचा, १९९८ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ उपयोगी पडला. तो घेऊन मी ढिगाऱ्यावर वाकलेला असताना एकदा अण्णा आले.

"काय बघायलास रं?"

"गवत बघतोय, अण्णा."

"गवतात काय बघायचं? ते आपसूक येतंय."

"आपसूक नाही येत अण्णा, क्रमानं येतंय," मी म्हणालो. ते हसले. पण जाता जाता कुसळीचा एक बुडखा उपटून त्यांनी मुळाला चिकटलेली माती बोटांनी चोळून पाहिली. मूठभर तरी होती. "हितं तर नुसता दगड टाकला होता की," ते म्हणाले.

माळावरची झाडे का मेली?

हा सगळा विषय मला नुसत्या कुतूहलाचा राहिला नाही, त्याला कारण आमच्या गावचा माळ. आजी सांगते की तिच्या लग्नाच्या वेळी तेथे मांडीएवढे गवत होते. पुढे जनावरे वाढली, दुष्काळ आले. १९७२ चा तर सर्वांना ठाऊकच आहे. गवत मुळासकट गेले, मागून माती गेली आणि माळ मुरमावर आला. पाऊस पडतो आणि तासाभरात ओढ्याने वाहून जातो. मग विहिरी आटतात, शेत पिकत नाही आणि कोयता बाहेर पडतो. ऊसतोडीची कारणे अनेक आहेत, पण त्यांतले एक त्या उघड्या माळावर आहे.

मी आठवीत असताना तेथे झाडे लावण्याचा मोठा कार्यक्रम झाला. आम्ही शाळेची मुले रांगेने गेलो. मुरमात खड्डे घेऊन रोपे लावली, फोटो निघाले. शिमग्यापर्यंत एकही जगले नाही. गावकरी म्हणाले, पाणी घातले नाही. कोणी म्हणाले, शेळ्यांनी खाल्ले. दोन्ही खरेच. पण आता मला वाटते की आम्ही शेवटच्या पाहुण्याला पहिल्या पंगतीला बसवले होते. जेथे कुसळीला अजून पाय ठेवता आला नव्हता, तेथे आम्ही वृक्षाकडून सावलीची अपेक्षा केली.

उघड्या माळाला आधी गवत हवे, आणि गवताचाही क्रम आहे. सर्वांत उजाड जागी आखूड, चरबट कुसळे येतात, जी गुरेही नीट खात नाहीत. चराई थांबली तर पुढे कुसळी वाढते, आणि आणखी काही वर्षे राखले तर शेडा, पवना, मारवेल ही कसदार गवते येतात. आपल्या शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील हिवरे बाजारने हेच केले. समतल चर खोदून पाणी अडवले, डोंगरावर मोकळी चराई आणि कुऱ्हाड बंद केली, गवत विळ्याने कापून न्यायची मुभा ठेवली. मग डोंगर हिरवा झाला आणि विहिरींना पाणी आले. आपल्या जिल्ह्यातही बीडजवळ पालवणच्या उघड्या डोंगरावर सह्याद्री देवराईचे काम उभे राहिले आणि २०२० च्या फेब्रुवारीत तेथे वृक्षसंमेलन भरले, ही आशेची गोष्ट आहे. जेथे खड्ड्यात माती भरून, पाणी घालून, राखण ठेवून झाड जगवता येते तेथे जरूर जगवावे. पण शेकडो एकर माळाला हे परवडत नाही. तेथे चर, राखण आणि धीर ही तीनच साधने आहेत. शिवाय प्रत्येक माळाचे जंगलच व्हायला हवे असेही नाही. कमी पावसाच्या मुलखात चांगले गवताळ रान हे स्वतःच एक पूर्ण घर असते.

शेवटचा पेच

हा लेख येथेच संपवला असता तर बरे दिसले असते. पण प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. आधी येणारा नेहमीच मागच्यासाठी वाट मोकळी करतो असे नाही. कॉनेल आणि स्लेटियर या शास्त्रज्ञांनी १९७७ साली दाखवून दिले की, येथे तीन प्रकार संभवतात. पहिला आलेला पुढच्याला मदत करतो. किंवा त्याला मदतही करत नाही आणि अडवतही नाही. किंवा चक्क जागा अडवून बसतो. तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण शोधायला लांब जायला नको. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आज आपल्या प्रत्येक उकिरड्यावर आणि पडीक रानात उभे आहे. तेही उजाड जमिनीवर पहिल्यांदा येते, पण दुसऱ्याला येऊ देत नाही. म्हणून 'निसर्गावर सोडून द्या, सगळे आपोआप होईल' हे अण्णांचे 'आपसूक' पुरते खरे नाही. कोणाला राखायचे आणि कोणाला उपटायचे, हे ओळखावे लागते.

माझ्या घरात शाळेचे तोंड पाहणारा मी पहिला. आईवडिलांनी फडात जी वर्षे घालवली, ती या ढिगाऱ्यावरच्या शेवाळीसारखी मला वाटतात. त्यांच्या नावाने कोठे काही उभे राहिलेले नाही, पण माझे मूळ ज्यात धरले ती माती त्यांचीच आहे. आता प्रश्न असा आहे की मी कोणत्या प्रकारात बसणार. मागून येणाऱ्याला ओल धरून ठेवणारा, की जागा अडवून बसणारा? या अंकाचे वाचक असलेले माझे बरेचसे मित्र माझ्यासारखेच घरातले पहिले आहेत. त्यांनीही याचा विचार करावा.

यंदा दिवाळीला अण्णा आणि आई पुन्हा फडावर जातील. जाण्यापूर्वी अण्णांनी एक गोष्ट केली. ढिगारा सपाट करून घेण्यासाठी जेसीबीवाल्याशी बोलणे झाले होते. ते त्यांनी रद्द केले. "राहू दे दोन वरीस," ते म्हणाले, "बघू तर खरं, अजून काय काय येतंय."

— तृतीय वर्ष कला (भूगोल)